बंदूक सरळ आहे

क्लबच्या रजिस्टरमध्ये माझं नाव पहिल्या दिवसापासून 'पटेल' असं लागलं आहे. मी दोनदा सांगून पाहिलं, पाटील. काउंटरवरच्या मुलाने मान वर न करता "एक ज छे ने, अंकल" म्हटलं आणि पावती फाडून हातात दिली. सुरतेत सत्तावीस वर्षं काढलेला माणूस असल्या गोष्टीवरून भांडत बसत नाही. उधना, लिंबायत, दिंडोली या भागात नुसतं "ओ पाटील" म्हणून हाक मारली तर निम्मा रस्ता वळून बघेल. केबल ब्रिजवरून पलीकडे अडाजणला उतरलो की मी पटेल.

हा क्लब नेमबाजीचा आहे. एका व्यापारी संकुलाच्या तळघरात, वर साड्यांची आणि मोबाइलच्या कव्हरांची दुकानं. जिना उतरलं की दहा मीटर लांबीची एक खोली, सहा लेन, समोर पांढरे दिवे आणि त्या दिव्यांखाली तळहाताएवढी कागदी कार्डं. अशा ठिकाणी एक्कावन्नाव्या वर्षी, डाइंग मिलच्या हिशेबखात्यात बसणाऱ्या, दोन चष्मे वापरणाऱ्या माणसाचं काय काम, हा प्रश्न बायकोने विचारला, सोसायटीच्या वॉचमनने विचारला, आणि दोंडाईच्याहून आईने फोनवर विचारला. आईने अहिराणीत विचारला, त्यामुळे तो जास्त लागला: "तुना बापनी जिंदगीमा उंदीर बी मारा नही, आन तू बंदूक ली उना?"

दोष त्या तुर्की गृहस्थाचा. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये युसुफ डिकेच नावाचा नेमबाज टीव्हीवर दिसला, तो तुम्हीही पाहिला असेल. बाकीच्यांच्या डोळ्यांवर घड्याळजीसारखी भिंगं आणि झापडं. हा मात्र साधा चष्मा, साधा टी-शर्ट, एक हात खिशात. बायको भाजीवाल्याशी घासाघीस करत असताना नवरा बाजूला जसा उभा राहतो, अगदी तसा उभा राहिला आणि मिश्र दुहेरीत रौप्यपदक घेऊन गेला. वय एक्कावन्न. माझंही एक्कावन्न. खिशात हात घालून उभं राहण्याचा माझा अनुभव तर त्याच्यापेक्षा जास्तच असेल. त्या माणसाचं ते पाचवं ऑलिंपिक होतं, 2008 पासून तो एकही चुकवत नव्हता, ही माहिती मला फी भरल्यानंतर कळली.

दोनच दिवसांनी, 1 ऑगस्टला, स्वप्नील कुसाळेचं कांस्यपदक आलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी हे त्याचं गाव, तेव्हा मध्य रेल्वेत टीसीची नोकरी, पन्नास मीटर रायफलच्या तीन पोझिशनमध्ये 451.4 गुण. 1952 मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य मिळवलं, त्यानंतर वैयक्तिक पदकासाठी महाराष्ट्राने 72 वर्षं वाट पाहिली. आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. कोल्हापूरशी आम्हा खानदेशी लोकांचा तसा संबंध काय, त्यांचा रस्सा वेगळा, आमचं भरीत वेगळं. पण परमुलखात सगळे मराठी एकाच ताटात जेवतात. शिवाय टीसी! ताप्ती लाइनीवर ज्याला बघून मी जन्मभर संडासाकडे सरकत आलो, त्या जमातीचा माणूस ऑलिंपिकच्या पोडियमवर. मी म्हटलं, आता आपणही काही तरी केलं पाहिजे. बायको म्हणाली, "आधी तिकीट काढून प्रवास करा."

माझी या क्षेत्रातली आधीची कामगिरी म्हणजे सारंगखेड्याची यात्रा. दोंडाईच्याहून शहाद्याला जाताना तापीच्या काठी हे गाव लागतं. तिथे एकमुखी दत्ताचं देऊळ आहे, दत्तजयंतीला यात्रा भरते आणि घोड्यांचा बाजार तर लांबलांबच्या लोकांना ठाऊक आहे. घोड्यांकडे आम्ही पोरं फारसं बघत नसू. आम्ही फुगेवाल्याकडे. लाकडी फळीवर रंगीत फुगे ओळीने टाचलेले, पुढे बाकडं, बाकड्यावर छर्‍याची बंदूक. दहा बार मारायचे. मी दरवर्षी मारत आलो आणि दरवर्षी फळी जखमी झाली, फुगे सुखरूप राहिले. पहिल्या वर्षी मी रडवेला झालो तेव्हा मामांनी समजूत काढली. मामा होमगार्डमध्ये होते, त्यामुळे त्यांचा शब्द म्हणजे दाखला. "अरे, त्याची बंदूक वाकडी असते. मुद्दाम नळी वाकवून ठेवतात हे लोक."

हे वाक्य मी तिथून घरी घेऊन आलो आणि पुढची चाळीस वर्षं वापरलं. दहावीला गणितात मार्क कमी पडले, पेपर वाकडा होता. खात्यातली बढती हुकली, साहेब वाकडा होता. मध्ये एकदा साड्यांच्या कमिशनचा धंदा करून पाहिला, त्यात बुडालो, तेव्हा तर रिंग रोडवरचं अख्खं मार्केटच वाकडं निघालं.

तर क्लबचा पहिला दिवस. कोच म्हणजे सर, वयाने माझ्याहून लहान, बोलायला अतिशय काटकसरी. त्यांनी आधी कागदपत्रं घेतली, मग नियम सांगितले. नळी कायम निशाण्याच्या दिशेला. बार नसेल तेव्हा नळीत भडक रंगाची दोरी घातलेली हवी, म्हणजे लांबूनही दिसतं की आत काही नाही. कुणी पुढे गेलं तर सगळ्यांच्या बंदुका खाली. मी परवान्याचं विचारलं, कारण सोसायटीत उत्तर द्यायचं होतं. 4.5 मिलिमीटरच्या छर्‍याच्या आणि 20 ज्यूलपेक्षा कमी जोराच्या हवेच्या पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही, असं कळलं. वॉचमनला हे सांगितल्यावर तो जरा निराश झाला.

पिस्तूल हातात घेतल्यावर पहिली जाणीव वजनाची. किलोभराचं असतं. किलोभर साखर आपण रोज उचलतो, पण हात सरळ लांब करून, डोळ्यांच्या रेषेत धरून, त्या साखरेने दहा मीटरवरच्या एका बटणाकडे बोट दाखवा म्हटलं तर कळेल. बटण मी अंदाजाने म्हणत नाही. एअर पिस्तुलाच्या कार्डावर दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं असतं. शर्टाचं बटण साधारण तेवढंच. रायफलवाल्यांचं दहाचं ठिकाण तर अर्ध्या मिलिमीटरचं, म्हणजे पेनाने टेकवलेला ठिपका. ते ऐकल्यावर मी पिस्तूलच बरं म्हटलं.

दहा बार मारले. सरांनी बटण दाबलं, दोरीवरून कार्ड सरसरत आलं. कार्डावर चार भोकं होती. उरलेले सहा छर्रे कुठे गेले ते त्या तळघरालाच ठाऊक. आणि मग माझ्या तोंडातून ते वाक्य आपोआप बाहेर पडलं, मला अडवताच आलं नाही: "सर, ही बंदूक जरा..."

सर काही बोलले नाहीत. माझ्या हातातलं तेच पिस्तूल घेतलं, नवीन कार्ड लावलं, पाच बार मारले. कार्ड परत आलं. त्यावर एकच भोक होतं, कडा फाटलेल्या, वालाच्या दाण्याएवढं. पाचही छर्रे त्यातून गेले होते. त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "बंदूक सीधी छे."

तीन शब्द. माझी चाळीस वर्षांची पुंजी एका झटक्यात बुडाली. ते कार्ड मी अजून पाकिटात ठेवलं आहे, बायकोला वाटतं माझं आहे.

पुढचे दोन महिने मी फक्त एकच गोष्ट शिकलो, आणि ती अजून येत नाही. पिस्तुलाच्या टोकाला एक चौकोनी उंचवटा असतो. इथले लोक त्याला फ्रंट साइट म्हणतात. मामा माशी म्हणायचे. मागच्या बाजूला एक खाच. खाचेत माशी बरोबर मध्ये, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, वरची कड सपाट, आणि हे सगळं काळ्या वर्तुळाच्या जरा खाली टेकवून धरायचं. इथवर ठीक. पण नजर कशावर? मी अर्थातच निशाण्यावर ठेवत होतो. महाभारतातल्या अर्जुनाला पक्ष्याचा डोळाच तेवढा दिसत होता असं शाळेत शिकवलं, आपण त्याच भरवशावर आयुष्य काढलं. सर म्हणाले, निशाण्याकडे बघायचंच नाही. माशीकडे बघायचं. काळं वर्तुळ धूसर दिसलं पाहिजे. ते स्वच्छ दिसलं तर समजा चुकलात. कारण वर्तुळ जागेवरून हलत नाही, हलते ती आपल्या हातातली माशी. ती केसभर तिरकी झाली की दहा मीटरवर घर बदलतं.

माझ्या चष्म्यांना हे मान्य नव्हतं. लांबच्या चष्म्याने वर्तुळ स्वच्छ आणि माशी गायब, जवळच्याने हातातलं पिस्तूल ठसठशीत आणि समोरची भिंत धुक्यात. शेवटी चष्मेवाल्याकडे जाऊन, हात लांब करून, "या अंतरावरचं दिसेल असा द्या" म्हटलं. त्याने विचारलं, कशासाठी? मी खरं सांगितलं, तर त्याने अॅडव्हान्स न मागताच चष्मा करून दिला.

आणि खिशातला हात. तो ऐटीसाठी नसतो. रिकामा हात लोंबत राहिला तर अंगाला झोका देतो, म्हणून त्याला कुठे तरी डांबून ठेवायचं. मी मोठ्या रुबाबात खिशात घातला, तर आत अॅक्टिवाची किल्ली, तिजोरीची किल्ली आणि सुटे पैसे. माझा हात किती हलतो ते इतके दिवस मला दिसत होतं, आता सगळ्या लेनना ऐकू यायला लागलं.

स्पर्धेत 60 बार आणि 75 मिनिटं असतात. म्हणजे एका बाराला सव्वा मिनिट. मी पहिल्यांदा घड्याळ लावून बसलो आणि सगळं पंचवीस मिनिटांत उरकलं. सरांनी विचारलं, कुठे लग्नाला जायचं आहे का? मग त्यांनी सांगितलं की हात वर नेला, माशी टेकवली आणि सात-आठ सेकंदांत मन बसलं नाही, तर बार मारायचा नाही. हात खाली. श्वास घ्या. पुन्हा वर. आमच्याकडची आठवीतली मुलगी एका बारासाठी तीन-तीनदा हात खाली घेते. मला ते जमत नाही. एवढं उचललंच आहे तर मारून टाकू, असं वाटतं. मारून टाकतो. सहा.

ही मुलगी शेजारच्या लेनवर असते. वडील नंदुरबारकडचे, पांडेसराला लूमच्या खात्यावर रात्रपाळी करून सकाळी तिला सायकलवर सोडतात आणि बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या झोपतात. छर्‍यांचा डबा 500 चा येतो. एका सरावाला शंभरेक सहज जातात, त्यामुळे तिचा डबा मोजूनमापून चालतो. घरी ती भिंतीवर काळा कागद चिकटवते आणि बार न भरता नुसता चाप दाबायचा सराव करते. ते पिस्तूल क्लबचं असल्यामुळे रोज नेता येत नाही, मग पाण्याने भरलेली लिटरची बाटली हात लांब करून धरते. तिनेच मला हा उपाय सांगितला. "काका, तुम्ही पण धरा, ऑफिसात." मी धरली. मिलमध्ये दुपारी, दार लोटून, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बाटली रोखून उभा होतो, तेव्हा शिपाई चहा घेऊन आला. त्याने चहा ठेवला, बाटलीकडे पाहिलं, कॅलेंडरवरच्या लक्ष्मीकडे पाहिलं आणि नमस्कार करून गेला.

दुसऱ्या बाजूचे गृहस्थ वराछाचे. हिरे असॉर्ट करणारे, म्हणजे दिवसभर पांढऱ्या कागदावर हिऱ्यांची ढिगुली करून चिमट्याने एकेक निवडणारे. त्यांचा सराव सुरू होण्याआधीचा अर्धा तास मला फार आवडतो. ते छर्‍यांचा डबा उघडतात, पांढरा कागद पसरतात, खिशातून आयग्लास काढून डोळ्याला लावतात आणि चिमट्याने एकेक छर्रा उचलून बघतात. छर्रा म्हणजे शिशाची इवलीशी टोपली, कंबरेत बारीक, खाली घेरदार. तो घेर कुठे चेपला असेल तर बाजूला. डोकं 4.49 चं की 4.50 चं, हे डब्यावर लिहिलेलं असतंच, पण त्यांचा छापील अक्षरावर विश्वास नाही. तीन ढीग होतात. एक स्पर्धेचा, एक सरावाचा, आणि तिसरा, ज्याकडे ते हातानेच "जवा दो" असं करतात. शिशाच्या दाण्यांकडे इतक्या आदराने बघणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. त्यांचे हात हलत नाहीत. मी विचारलं, कसं काय? म्हणाले, वीस वर्षं चिमट्यात मालकाचा माल धरलाय, हलले असते तर घर विकावं लागलं असतं.

मला खरं आकर्षण या खोलीतल्या शांततेचं आहे, हे आता कबूल करतो. वर रस्त्यावर हॉर्न, मार्केटमध्ये टेम्पो, मिलमध्ये मशिनं, आणि माणसं तर सुरतेत एकमेकांशी बोलतात तेसुद्धा मधे रस्ता असल्यासारखं. इथे जिना उतरताना मोबाइल टोपलीत टाकायचे. दिवसाला दोनशे फोन करणारा कापडाचा दलाल तासभर एक शब्द न बोलता भिंतीकडे तोंड करून उभा असतो. मधून मधून नुसता फट्, फट् असा कोरडा आवाज. शनिवारी सराव संपला की मात्र सगळं उसनवारीचं बोलणं फेडून घेतात, समोरच्या गाडीवर लोचो खाता खाता. खमण करायला गेलं, पीठ पातळ झालं, म्हणून त्याचं नाव लोचो पडलं, अशी दंतकथा आहे. चुकलेल्या नेमालाही इथे गिऱ्हाईक मिळतं.

अशाच एका शनिवारी दलाल म्हणाले, "पाटीलभाई, आ वखते शुं लूंटवा आव्या छो?" हा विनोद प्रत्येक मराठी माणसाला सुरतेत वर्षातून चारदा ऐकावा लागतो. मी सहसा हसून सोडतो. त्या दिवशी सोडला नाही. म्हटलं, शेठ, 1664 च्या जानेवारीत महाराज आले तेव्हा तुमचा सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. किल्ल्यावरून तोफा डागल्या. त्या तोफांनी महाराजांच्या फौजेपेक्षा सुरतेच्या घरांचंच नुकसान जास्त केलं. तेव्हा एखादा चांगला क्लब असता तर इतिहास बदलला असता. तो किल्ला चौक बाजारात तापीच्या काठाला अजून आहे, दुरुस्त करून आता त्यात संग्रहालय केलं आहे. दलालांनी लोचोचा घास घेतला आणि शांतपणे विचारलं, "तोप वांकी हशे?" तोफ वाकडी असेल!

माझी पुंजी गेली कुठे, ते असं मला समजलं. ती सगळीकडे वाटलेली होती.

डिसेंबरात दत्तजयंतीला गावी गेलो. सारंगखेड्याला फुगेवाला होता. तो नव्हे, त्याचा मुलगा किंवा पुतण्या असेल, पण फळी तशीच. मी बंदूक उचलली. चार महिन्यांत अंगात आलेल्या सवयीने पहिला बार मारला आणि फुग्याकडे न बघता, छर्रा फळीवर कुठे बसला ते शोधलं. डावीकडे, चार बोटं खाली. दुसरा तसाच टेकवून मारला. पुन्हा डावीकडे, चार बोटं खाली, पहिल्याच्या शेजारीच. मामा खोटं बोलत नव्हते. नळी वाकडी होतीच. पण ती दर वेळी एकाच बाजूला आणि तेवढीच वाकडी होती. चाळीस वर्षांत एकदाही छर्रा कुठे बसतो हे मी पाहिलं नव्हतं, फुगा फुटला नाही एवढंच पाहिलं होतं. तिसऱ्या बाराला मी फुग्याच्या उजवीकडे चार बोटं वर माशी धरली. फुटला. दहात सहा फुटले. पोराने विचारलं, "पोलीसमा शेतस का?" मी मिलमध्ये हिशेबनीस आहे हे सांगितल्यावर त्याने ती बंदूक माझ्या हातून घेतली, बाकड्याखाली ठेवली आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी दुसरी काढली.

सुरतेला येऊन हे सरांना सांगितलं. त्यांना मुळीच नवल वाटलं नाही. म्हणाले, ग्रुपिंग आलं की झालं, साइट तर स्क्रूने फिरते. मग माझं कार्ड ओढून घेतलं. भोकं कार्डभर पसरलेली होती. म्हणजे स्क्रू फिरवून भागणार नव्हतं.

क्लबअंतर्गत स्पर्धा मार्चमध्ये झाली. आठवीतल्या मुलीचे 600 पैकी 548, वराछाच्या भाईंचे 521, माझे 463. मिनिटं मात्र 68 लागली. एका बारासाठी मी दोनदा हात खाली घेतला, बाहेरच्या बाकावरचे तिचे वडील त्या वेळी जागे होते, ते साक्षीदार आहेत. निकालाच्या कागदावर माझं नाव पटेल.

सुरतेत असाल आणि शनिवार सकाळ मोकळी असेल, तर या. वयाची अडचण नाही, चष्म्याचीही नाही; किल्ल्या मात्र घरी ठेवा. छर्‍यांचा डबा स्वतःचा आणा. वराछाचे भाई उसने देतात, पण परत घेताना एकेक आयग्लासखाली धरून बघतात.